बारीक, तिरकं, महाग

शिर्डीतल्या पाट्या वाचून गाव कळत नाही, गिऱ्हाईक कळतं. नगर-मनमाड रस्त्याने गावात शिरलं की दोन्ही हातांना तेलुगू, तमिळ, गुजराती, हिंदी, इंग्रजी आणि त्यांच्यातून वाट काढत मराठी. 'श्रद्धा' आणि 'सबुरी' हे दोन शब्द तर इतक्या ठिकाणी, इतक्या तऱ्हांनी लिहिलेले आहेत की कोणी नुसते त्यांचे फोटो काढले तरी मराठी अक्षरांचा छोटा इतिहास जमेल. भिंतीवर ऑइलपेंटने, संगमरवरात कोरून, रिक्षाच्या काचेवर रेडियमने, लॉकेटवर मशीनने. बहुतेक सगळीकडे अक्षर जाडजूड आणि ठाम. लांबून येणाऱ्या माणसाला लांबूनच दिसलं पाहिजे, हा एकच नियम.

गेल्या काही वर्षांत मात्र वेगळं अक्षर आलंय. नव्या हॉटेलांच्या दर्शनी भिंतीवर, कॅफेच्या मेन्यूवर, 'सूट' भाड्याने देणाऱ्यांच्या इन्स्टाग्रामवर. इंग्रजी, बारीक, उजवीकडे कललेलं, टोकांना नाजूक फराटे. केसाएवढ्या रेघा. आजूबाजूला भरपूर रिकामी जागा. हे अक्षर काय लिहिलंय ते नंतर सांगतं, आधी भाडं सांगतं.

मी पाट्या, पत्रिका, मेन्यू असलं डिझाइनचं काम करते. गिऱ्हाईक मोबाइल पुढे करून फोटो दाखवतं आणि म्हणतं, "असं पाहिजे. क्लासी." फोटोतला फाँट दहातल्या पाच वेळा एकच असतो किंवा त्याचा चुलतभाऊ असतो: कॉर्मोरंट गॅरामाँड, लाइट इटॅलिक. स्वित्झर्लंडच्या ख्रिश्चन थालमान यांनी तो केला, सोळाव्या शतकातल्या क्लोद गारामाँ या फ्रेंच अक्षरकाराच्या अक्षरांवरून स्फूर्ती घेऊन. फुकट आहे, गूगल फाँट्सवर आहे, कॅनव्हाच्या टेम्प्लेटमध्ये आहे. त्यामुळे जगभरातल्या लग्नपत्रिका, अत्तराच्या बाटल्या आणि योगवर्ग एकाच आवाजात कुजबुजतात. हो, कुजबुजतात. या अक्षराचा स्वभावच तो आहे. ते ओरडत नाही, हाक मारत नाही. तुम्हीच जवळ यायचं.

मला हा फाँट आवडतो, हे आधीच सांगून टाकते. त्याच्यावर हसणं सोपं आहे. पण तो मोठा करून, पडदाभर एकच अक्षर ठेवून बघा. इटॅलिकमधला 'के' बघा, पाय पुढे टाकून उभा राहिलेला. 'एफ' ओळीच्या खाली उतरतो आणि वरही वाकतो. छोट्या अक्षरांचं पोट लहान आणि वर-खाली जाणारे दांडे लांब, म्हणून ओळीत आपोआप हवा खेळते. रेघ जाडीकडून बारीक होताना कुठेही अडखळत नाही. हा सरळ अक्षराला धक्का देऊन तिरका केलेला प्रकार नाही. यातली अक्षरं मुळातच वेगळी आखलेली आहेत. सरळ कॉर्मोरंट आणि हा तिरका, हे बहीण-भाऊ आहेत, एकाच माणसाचे दोन फोटो नाहीत.

आता याचे उपयोग. मोठ्या आकारात, थोडे शब्द, चांगला कागद किंवा चांगला पडदा, एवढं असेल तर याच्यासारखं दुसरं नाही. पुस्तकाचं शीर्षक, एखादं नाव, कवितेच्या वरची अर्पणाची ओळ. पण बारा पॉइंटात परिच्छेद लावला की तो दहाचा दिसतो, कारण पोट लहान. स्वस्त कागदावर बारीक रेघा तुटतात. फॉइल मारलं की तुटतात नाहीतर भरतात. स्क्रीन प्रिंटिंगवाला तर बघूनच मान हलवतो. व्हिनाइल कापलं तर नको असलेला भाग सोलून काढताना अक्षराचा फराटा त्याच्याबरोबर निघून येतो, आणि तो परत चिकटवत बसण्यात दुपार जाते.

आणि पाटी! एका नव्या हॉटेलच्या मालकांना वीस फुटी पाटी याच अक्षरात हवी होती, आतून उजेड येणारी. अ‍ॅक्रिलिकच्या पोकळ अक्षरात एलईडी बसवायचा तर रेघेला निदान बोटभर रुंदी लागते. कॉर्मोरंट लाइटची सगळ्यात बारीक रेघ, अक्षर दोन फुटांचं केलं तरी, तेवढी भरत नाही. मग जे सगळे करतात ते आम्ही केलं. कोरल ड्रॉमध्ये अक्षराला बाहेरून आउटलाइन दिली आणि जाड केलं. जाडी सगळीकडे सारखीच वाढते, त्यामुळे जाड-बारीकचा खेळ संपतो. जे उरतं ते फुगलेलं, तरी तिरकं, तरी इंग्रजी. मालक खूश झाले. रात्री हायवेवरून पहिलं अक्षर छान दिसतं.

०

हे अक्षर जन्माला आलं तेव्हा श्रीमंतीसाठी आलं नव्हतं. व्हेनिसमध्ये आल्दुस मानुत्सियुस या प्रकाशकाने १५०१ साली व्हर्जिलच्या कविता छापल्या, हातात मावेल अशा छोट्या आकारात. त्यासाठी फ्रांचेस्को ग्रिफो याने नवं अक्षर कापलं: त्या काळातले शिकलेले लोक भराभर जसं लिहायचे, तसं किंचित कललेलं. संपूर्ण पुस्तक त्या अक्षरात. कॅपिटल अक्षरं मात्र सरळच होती, कारण इटॅलिक कॅपिटल ही कल्पनाच अजून कोणाला सुचली नव्हती. तोपर्यंत अशा ग्रंथांना मेज लागायचं. हे पुस्तक हातात धरून, चालता चालता वाचता यायचं. म्हणजे मोबाइलवर वाचण्याचे आपण सगळे त्या व्यवहाराचे लांबचे वारस आहोत.

पुढे शंभरेक वर्षांत इटॅलिकचं स्वतंत्र घर गेलं. ते सरळ अक्षराच्या घरी राहायला आलं आणि जोर देणं, पुस्तकाचं नाव दाखवणं, परका शब्द वेगळा करणं असली कामं करू लागलं. आज आपण वर्डमध्ये 'बी'च्या शेजारचं 'आय' दाबतो ती त्याची नोकरी. आणि अलीकडे लग्नपत्रिकांनी त्याला पुन्हा स्वतःचं घर दिलंय, हे मला गमतीचं वाटतं.

मराठीत मात्र ही नोकरी कधी निघालीच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर शब्दाच्या दोन्ही बाजूंना अंडरस्कोअर टाकला की अक्षरं तिरकी होतात, मराठीही होते. करून बघा. 'आई' लिहा आणि तिरकं करा. शिरोरेषा जिथल्या तिथे आडवी, आणि तिला लटकलेले काने सगळे एका बाजूला झुकलेले. वाऱ्यात वाळत घातलेले कपडे. इंग्रजीत डोक्यावर सलग रेघ नसते म्हणून अक्षर झुकलं तर झुकलं. आपल्याकडे झुकायचं तर रेघेशी भांडण होतं. त्यात वेलांटी, रफार, अनुस्वार ही वरची मंडळी सरकून शेजाऱ्याच्या हद्दीत जातात. अ‍ॅपलच्या मॅकवर 'श्री देवनागरी ७१४' नावाचा फाँट असतो, आपल्या पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचा. त्यात सरळ, ठळक, तिरकं, ठळक-तिरकं असे चारही भाऊ आहेत. पण तिरका म्हणजे कललेला सरळच. त्यात दोष कोणाचा नाही. इंग्रजी मजकुराशेजारी मराठी बसवायचा, तिथे इटॅलिक आहे तर इथेही हवं, एवढी ती गरज.

खिळ्यांच्या काळात तर हा विचारसुद्धा परवडला नसता. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागरने एकोणिसाव्या शतकात देवनागरीचे जे खिळे घडवले त्यांच्यावर कित्येक पिढ्या मराठी आणि संस्कृत वाचत आल्या. जोडाक्षरं, मात्रा, अर्धी अक्षरं धरून एकेका आकाराला शेकडो खिळे. ते सगळे पुन्हा तिरके कापायचे, कशासाठी? एक शब्द वेगळा दिसावा म्हणून? त्यापेक्षा ठळक खिळा लावा नाहीतर अवतरण द्या.

पण मला वाटतं कारण फक्त खर्चाचं नाही. जोर द्यायला मराठीला अक्षर वाकवावंच लागत नाही. 'मी गेले', 'मीच गेले', 'मी गेलेच', 'मीही गेले', 'मी तर गेले'. इंग्रजी कादंबरीत एखादा 'आय' तिरका छापून जे सांगतात ते आपण एका 'च'ने सांगतो, आणि तो 'च' मोठ्याने वाचताना ऐकूही येतो. इटॅलिक ऐकू येत नाही. अनुवादकांना हे रोज भेटत असणार: मूळ पानावर तिरके शब्द विखुरलेले, आणि मराठीत ते सगळे च-ही-तर-ना यांच्यात विरघळून जातात.

आणखी एक गोष्ट, जी मला अण्णांमुळे कळली. (आमच्याकडे वडिलांना बाबा म्हणायची सोय नाही. शिर्डीत 'बाबा' म्हटलं की एकच.) अण्णा पेंटर होते. पाट्या रंगवायचे. फ्लेक्स आलं आणि दोन-तीन वर्षांत त्यांच्या ब्रशचं काम संपलं. नंतर त्यांनी हॉटेलांच्या खोल्यांना रंग दिला, जिन्यांना नंबर टाकले. अक्षराबद्दल ते कधी व्याख्यान देत नाहीत. पण एकदा मी इंग्रजी कॅलिग्राफीचा निब आणला आणि त्याने मराठी लिहायला बसले, तेव्हा दोन मिनिटं बघून म्हणाले, "उलटा काप आहे त्याचा." खरंच. आपला बोरू ज्या बाजूने तिरका कापतात, त्याच्या उलट्या बाजूने लॅटिनचा निब चालतो. लॅटिनमध्ये जिथे रेघ जाड होते, जवळपास तिथे आपली बारीक होते. म्हणजे कॉर्मोरंटचं सौंदर्य देवनागरीत जसंच्या तसं ओतता येत नाही. ज्या हाताच्या हालचालीतून ते आलं, ती हालचालच वेगळी आहे.

०

मग मराठीत धावतं अक्षर नव्हतं का? होतं. इतकं होतं की त्याची वेगळी लिपीच होती.

मोडी लिहिताना आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग तिला अक्षरं टांगत जायचं, हात शक्यतो न उचलता. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाची चैन नाही. अक्षरं मोडून, वळवून एकमेकांत अडकवलेली. पत्रं, हिशेब, दस्त, निवाडे सगळं मोडीत. देवनागरीला मराठीत 'बाळबोध' म्हणायचे, पोरालाही कळेल असं. पोथी बाळबोधीत, व्यवहार मोडीत. व्हेनिसच्या ग्रिफोने जे केलं, घाईचं लिहिणं उचलून छापखान्यात नेलं, ते आपल्याकडे क्वचितच झालं. विल्यम कॅरीने १८१० साली सेरामपूरहून मराठीचा कोश काढला त्यात मोडी खिळे वापरले होते, पण पुढे महाराष्ट्रात छापील मराठी म्हणजे बाळबोध हेच ठरलं. मोडी कचेऱ्यांत राहिली आणि १९५०च्या आसपास तिथूनही गेली. आमचं धावतं अक्षर छापखान्याच्या दारातच थांबलं.

आणि यात शिर्डीचा एक धागा आहे, जो मला फार आवडतो. साईसच्चरित लिहिणारे गोविंद रघुनाथ दाभोळकर. शिर्डीत आल्या आल्या गुरू हवाच कशाला यावर त्यांचा वाद झाला आणि बाबांनी त्यांना 'हेमाडपंत' म्हटलं. दुसऱ्या अध्यायात ही नावाची गोष्ट आहे. मूळचा हेमाडपंत म्हणजे देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, तेराव्या शतकातला. परंपरा त्याला मोडीचा जनक मानते. इतिहासकार हे श्रेय इतक्या सहज देत नाहीत, पण नाव चिकटलंय ते चिकटलंय. म्हणजे मोडीच्या जनकाचं नाव मिरवणाऱ्या माणसाने जो ग्रंथ लिहिला, तो आज गावोगाव पारायणाला बसलेल्या बायका ठसठशीत बाळबोधीत वाचतात. रामनवमीला, गुरुपौर्णिमेला, पुण्यतिथीला इथे द्वारकामाईत पारायण असतं. पारायणाच्या पोथीचं अक्षर कसं असावं याबद्दल माझ्या आजीचं मत एका वाक्यात होतं: चष्मा विसरला तरी अडू नये.

आमच्या घरात मोडीचा एक कागद होता. पत्र्याच्या पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर्षानुवर्षं. पणजोबांच्या जमिनीचं खरेदीखत, असं सगळे म्हणायचे. कोणाला वाचता यायचं नाही. मी लहानपणी ते बघायचे ते चित्र म्हणून. डोक्यावर लांब रेघ आणि खाली सगळी अक्षरं उजवीकडे पळत सुटलेली, एकाचा हात दुसऱ्याच्या हातात. मला माहीत असलेलं सगळ्यात देखणं मराठी अक्षर तेच होतं.

२०२३च्या शेवटी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती, तहसीलमधली जुनी दप्तरं, आणि त्यातली बरीच मोडीत. इतकी वर्षं हौशी आणि अभ्यासक सोडून ज्यांना कोणी विचारत नव्हतं, त्या मोडी वाचणाऱ्यांना अचानक श्वास घ्यायला वेळ मिळेना. आमच्या भागातही लोक पेट्या उघडून कागद काढू लागले. काकांनी आमचाही कागद काढला. वाचणारे गृहस्थ वयस्कर होते, हातात भिंग. ते एकेक ओळ बोलत गेले, मी मोबाइलवर टाइप करत गेले. चौथ्या-पाचव्या ओळीला ते थांबले, मागे गेले, पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "खरेदीखत नाही हे. गहाणखत आहे."

पणजोबांनी जमीन घेतली नव्हती, सावकाराकडे ठेवली होती. नंतर सोडवलीही असेल, कारण आजोबा ती कसत होते. पण तो कागद या पेटीत नव्हता. काका काहीच बोलले नाहीत. अण्णांनी कागद घेतला, उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "अक्षर मात्र काय काढलंय." मला तेव्हा त्यांचा राग आला होता. तीन पिढ्या आम्ही एका कर्जाच्या कागदाला हळद-कुंकू लावत होतो, आणि यांना अक्षर दिसतंय.

युनिकोडमध्ये मोडी २०१४ साली आली. फाँटही आहेत आता. अच्युत पालव यांनी मोडीची वळणं देवनागरीत आणून 'मुक्तलिपी' केली, ती बघितली की वाटतं, देवनागरीचं खरं इटॅलिक इथून निघायला हवं होतं: अक्षर ढकलून नाही, लिहून. कमल शेडगे यांची नाटकांच्या जाहिरातींतली शीर्षकं आठवा. त्यांत अक्षर वाकतं, धावतं, बसतं, पण पडत नाही. एकेक शब्द हाताने घडवलेला. फाँटला हे जमवायचं तर कोणत्याही अक्षरामागे कोणतंही अक्षर आलं तरी निभावलं पाहिजे, आणि तिथेच गाडी अडते.

०

यंदा धाकटीचं लग्न ठरलं. ती पुण्यात नोकरी करते. तिने पत्रिकेचा नमुना पाठवला: फिकट रंग, एका बाजूला पानं, मध्ये दोघांची नावं कॉर्मोरंट लाइट इटॅलिकमध्ये. इंग्रजी. पीडीएफ, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला. सुंदर होता नमुना, मी असते तर तोच निवडला असता.

अण्णा म्हणाले, "पहिली पत्रिका बाबांना जाते. ती मराठी पाहिजे."

धाकटी म्हणाली, "बाबांना काय, कोणतीही भाषा चालते की."

"त्यांना चालते गं. मला वाचता आली पाहिजे ना."

यावर ती गप्प बसली. मग ठरलं, दोन पत्रिका. इंग्रजी फोनवर, मराठी छापील, पण दोन्ही एकाच घरच्या दिसल्या पाहिजेत. हे शेवटचं वाक्य बोलायला सोपं आहे. कॉर्मोरंट लाइटच्या जोडीला देवनागरीत काय लावायचं? श्री-लिपीतले पत्रिकेचे जुने फाँट गुबगुबीत, त्यांचा मूड 'आमचे येथे श्रीकृपेकरून'चा. त्यात वाईट काही नाही, पण शेजारी शेजारी ठेवले की एक कुजबुजतोय आणि एक माइकवर बोलतोय असं वाटतं. बारीक देवनागरी शोधू गेलं तर बहुतेक सगळी सपाट, मोबाइलच्या सेटिंगसारखी. जाड-बारीक रेघ असलेली आणि तरीही हलकी अशी फार थोडी. मार्टेल मिळाला, त्याचं वजन अगदी एक्स्ट्रालाइटपर्यंत उतरतं. डॅन रेनॉल्ड्स यांनी त्यातली देवनागरी केलीय. 'मोटा इटॅलिक' नावाच्या फाउंड्रीचा व्हेस्पर लिब्रेही लावून पाहिला. (बारीक इटॅलिक शोधताना मोटा इटॅलिक सापडावं!) मराठीचा पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' बघून घेणं हे वेगळंच काम. शासनाने २००९ साली तसा निर्णय काढलाय म्हणून नव्हे, अण्णा दुसरा 'ल' बघितला की पत्रिका बाजूला ठेवतात म्हणून.

मजकूर मार्टेल लाइटमध्ये लागला. दोघांची नावं राहिली. ती मी कोरलमध्ये बारा अंश कलवून बघितली. अण्णांनी चष्मा वर केला. "पडलंय," म्हणाले. "उभं कर."

"तिरकंच हवंय तिला."

मग त्यांनी पेपर ओढला आणि माझ्याकडचा सगळ्यात बारीक ब्रश मागितला. पोस्टर कलरमध्ये बुडवून आधी नुसती एक रेघ मारली, डावीकडून उजवीकडे किंचित चढत जाणारी. मग तिच्याखाली काने सोडले, सरळ, ओळंब्यासारखे. "ट्रकवर असंच लिहायचो. काना झुकवायचा नाही, रेघ चढवायची. मग अक्षर पळतं." एवढंच. मी दहा वर्षं हे काम करते आणि कोरलमध्ये स्क्यूचे दोन बाण असतात, एक आडवा आणि एक उभा. मी जन्मभर आडवाच ओढत आले होते. उभा ओढला की शिरोरेषा चढते आणि काने जागच्या जागी राहतात. सॉफ्टवेअरला हे माहीत होतं, अण्णांना माहीत होतं.

नावं मात्र आम्ही फाँटमधून घेतली नाहीत, त्यांनी लिहिलेलीच स्कॅन केली. सात वेळा लिहिली त्यांनी. पहिल्या दोन वेळी हात थरथरला, ते त्यांनी फाडून टाकलं. छापणाऱ्याने बारीक रेघा बघून नेहमीप्रमाणे मान हलवली, म्हणून त्या किंचित भरून घेतल्या. धाकटीने फोटो बघून फक्त एक बदाम पाठवला आणि मग अर्ध्या तासाने, "इंग्रजीतली नावं पण अण्णांकडून लिहून घे ना." त्यांनी नाही म्हटलं. इंग्रजी तुमचंच बरं आहे, म्हणाले. तेव्हा फोनवरच्या पत्रिकेत कॉर्मोरंटच राहिला.

पहिली पत्रिका समाधीवर ठेवून आलो. मग पाकिटं. तीनशेच्या वर. नावं घालायला अण्णाच बसले, दुसऱ्या कोणाचं अक्षर त्यांना पत्रिकेवर चालणार नव्हतं. सुरुवातीची पाकिटं पाटी रंगवल्यासारखी, एकेक अक्षर सुटं, उभं, शिरोरेषा शेवटी. पन्नासाव्या-साठाव्या पाकिटापाशी रेघ आधी यायला लागली. 'सौ. व श्री.' एका दमात. शंभरानंतर 'सहकुटुंब सहपरिवार' मध्ये पेन उचललंच जात नव्हतं, ट आणि ब हातात हात घालून उजवीकडे निघालेले. त्यांनी मोडी कधी शिकलेली नाही. मी समोर बसून पिनकोडची यादी वाचत होते आणि एका क्षणी वाचायचं थांबले. ते म्हणाले, "पुढचं सांग."

दोन पाकिटं पंधरा दिवसांनी परत आली. पिनकोड मराठी आकड्यांत होता, आणि धावत्या हातात १ आणि ९ सारखेच झाले होते. अण्णांनी नवी पाकिटं घेतली, चष्मा लावला आणि पत्ते पुन्हा लिहिले. सरळ, सुटे, जाड स्केचपेनने.